गुलाबी कागदाचं कमळ

डोणगावजवळून,
९ जानेवारी २०२५

प्रिय ताईस,

ऋत्विकचा नमस्कार. जिजाजींनाही. श्रेयसला एक टपली.

मी जिवंत आहे. मोबाइल नाही. मेहकरला एका लग्नाचा मांडव बांधताना तो पाण्याच्या टाकीत पडला, त्यावरून मांडववाल्याचं आणि माझं वाजलं, आणि मी बॅग उचलून निघालो. म्हटलं, चला लोणारला. या जिल्ह्यात जन्मून बावीस वर्षं झाली तरी तळं पाहिलं नाही. लोणारची म्हणून बसलो ती गाडी निघाली मालेगावची. कंडक्टर म्हणे, पाटी वाचता येत नाही का. वाचता येते, वाचली नाही, एवढंच.

डोणगावला चहाला उतरलो. तिथं एक पोरगं रडून राह्यलं होतं, त्याला बिस्किटाच्या पुड्याचा बेडूक करून दिला. मागं शेपटीवर बोट दाबलं की उडतो, तो. शेजारी एक धोतरवाले काका चहा प्यायचे थांबले.

"कुठचा बे तू?"

"बुलढाण्याचा."

"करतं काय?"

"हेच."

"हेच म्हणजे बेडूक?"

तेच उत्तमराव. म्हणाले, "चाल मंग घरी. आमचे पोट्टे दिवसभर मोबाइलात तोंड घालून रायतात. त्याइले शिकव हे. घरात लग्न आहे, सजावटीले कागद कापाचाच आहे. हात होतीन तेवढे." गाडीत बसून त्यांच्या खेड्यात आलो, त्याला आता आठ दिवस झाले.

घरात काका, जनकाकाकू, थोरला गोपाल, मग पुष्पांजली, ती नववीत, आणि सहा वर्षांची आरोही. चुलत घरचा देवेश जेवणापुरता त्याच्या घरी जातो. लग्न गोपालचं. चोवीस वर्षांचा आहे आणि आरशासमोरून हलत नाही. मी ओसरीवर वर्ग भरवतो. पहिल्या दिवशी म्हटलं, कागदाचा चौकोन करा. ताई, मी हादरलो. एकालाही येईना! देवेश घडी नखानं दाबायची सोडून जिभेनं चाटून चिकटवत होता. आरोहीनं कात्री धरली ती दोन्ही हातांनी, कोंबडी धरल्यासारखी. फक्त पुष्पांजलीनं एकदा पाहिलं आणि केलं.

पाकिटावरचा पत्ताही तिनंच लिहिलाय. माझं अक्षर पाहून म्हणाली, पोस्टमन रडन.

सोबत श्रेयसला बेडूक.

तुझा,
ऋत्विक

* * *

बुलढाणा,
१८ जानेवारी

चि. ऋत्विक यास अनेक आशीर्वाद.

पत्र पाहून आधी धक्का बसला, कारण पत्ता इतका वळणदार, मला वाटलं कोर्टाची नोटीस आली. त्या मुलीला सांग, अक्षर फार सुंदर आहे.

बेडूक दोन मिनिटं उडाला. मग श्रेयसनं तो उलगडला. तुझ्या पाकिटातून आलेलं सगळं तो उलगडणार म्हणतो, "मामानं आत काय ठेवलंय ते पाहू दे." मी सांगितलं आत काही नसतं. पण पटत नाही. उलगडलेला कागद पुन्हा तसाच दुमडतो, रडतो, पुन्हा उलगडतो. मागच्या दिवाळीचा आकाशकंदीलसुद्धा त्यानं असाच उलगडला होता, आठवतं?

माझा नंबर खाली लिहिते. कोणाच्या तरी फोनवरून कर. आणि आता मुद्द्याचं. बाहेरून बारावीला बसायचा १७ नंबरचा फॉर्म यंदाही तू भरला नाहीस. दहावी पास माणसानं आयुष्यभर बेडकं करायची काय? जिजाजी म्हणतात, माणूस भोळा आहे. मी म्हणते, भोळा नाही, बेपर्वा आहे. लक्ष नसतं तुझं कशात. कोणी काय सांगतंय ते अर्धं ऐकतोस आणि उरलेलं अर्धं स्वतःच्या मनानं भरतोस.

त्या लोकांच्या घरी लग्न आहे, पाहुण्यासारखा पसरू नकोस. पडेल ते काम कर. गोपालच्या लग्नाची तारीख काय ते कळव, जमलं तर आम्ही येऊ.

तुझी ताई,
रेवती

* * *

डोणगावजवळून,
८ फेब्रुवारी

प्रिय ताई,

फोन नाही केला, कारण फोनवर तू ओरडतेस. पत्रात कमी ओरडतेस.

तुझ्या पत्रातलं श्रेयसचं तेवढं मोठ्यानं वाचलं. म्हणजे पोट्ट्यांनी वाचायला लावलं. श्रेयस सगळं उलगडतो हे ऐकून देवेश हसून हसून ओसरीवर लोळला. पुष्पांजलीनं मात्र विचारलं, "खरंच सगळं उलगडतो?" मी म्हटलं, त्याचं चाललं तर तो तुझी वेणी उलगडेल. "आणि तुमच्या ताई? त्या काय करतात?" मी सांगितलं, शाळेत मास्तरीण आहे, आणि घरीही मास्तरीणच आहे.

वर्ग जोरात आहे. कणकेची खळ काकू करून देतात, त्यात चिमूटभर मोरचूद टाकला की मुंगी लागत नाही. हे मी शेगावला एका पतंगवाल्याकडून शिकलो, त्याला एक पाय नव्हता पण मांजा असा घोटायचा की... ते जाऊ दे. पताका चारशे झाल्या. झिरमिळ्या झाल्या. मी झोपतो त्या खोलीत छापखान्यातून आलेला एक जड गठ्ठा पडलेला आहे, सुतळीनं बांधलेला. त्याच्याखाली घड्या दाबून ठेवतो, सकाळी इस्त्री केल्यासारख्या निघतात.

पुष्पांजलीचं काय सांगू! पतंगी कागदाच्या सोळा घड्या घालते, त्यात कातर चालवते, आणि कागद उलगडला की जाळी. मोर, वेल, मधात दिवा. मी मांडवांच्या कामात तीन वर्षं काढली, माझ्या हातून अशी जाळी निघाली नाही. एकच खोड आहे तिची. बेडकाचे मागचे पाय ती आत वळवते. दहा वेळा सांगितलं, बाहेर. ती म्हणते, आत वळवला तर लांब उडतो. उडतो, पण तिरपा. ती सध्या शाळेत जात नाही, काकू म्हणाल्या घरी काम आहे. लग्नघर म्हटल्यावर असायचंच.

परवा काकू म्हणाल्या, बाशिंगही घरीच होईल का? बाजारात मिळतं, पण आता घरात कारागीर आहे तं बाहेरून कायले आणायचं! मी फुशारलो. सोनेरी कागद, थर्माकोलचे मणी, वर मोराचा तुरा. माप घ्यायला पुष्पांजली समोरच बसली होती, तिच्याच कपाळावर बांधून पाहिलं. मी म्हटलं, वा, नवरी दिसून राह्यली! काकू उठून आत गेल्या. मला वाटलं, मोठ्या भावाआधी बहिणीला नवरी म्हटलं म्हणून अपशकुन वाटला असेल.

सोबत श्रेयसला कमळ. हे माझं नाही, पुष्पांजलीनं आतून तयार करून आणलं. म्हणाली, "हे पाठवा. पण तुमी उलगडू नका, मोडते." असा गुळगुळीत गुलाबी कागद कुठून आणला विचारलं तर म्हणे, घरात लय आहे.

गोपालची तारीख विचारायची राहिली. विचारतो.

तुझा,
ऋत्विक

* * *

बुलढाणा,
१५ फेब्रुवारी

ऋत्विक,

कमळ काल मिळालं. श्रेयसनं उलगडलं.

मी कणीक मळत होते. तो आला आणि म्हणाला, "आई, मामाच्या कमळात अक्षरं आहेत. चि. सौ. कां. म्हणजे काय?"

ती लग्नाची पत्रिका आहे. पातळ, एकाच बाजूनं छापलेली. चौकोन करायला वरचा गणपती कापून टाकलाय, बाकी सगळं ठेवलंय. चि. सौ. कां. पुष्पांजली. उत्तमरावांची कन्या. २ मार्च. त्या नावाखाली बोटभर रुंदीची एक पट्टी चिकटवली आहे, शाळेच्या प्रगतिपुस्तकातून कातरून काढलेली. तिच्यावर फक्त जन्मतारीख आहे. ९ ऑगस्ट २०१०. एक शब्दसुद्धा हातानं लिहिलेला नाही.

चौदा वर्षं सहा महिने.

त्याखाली, "आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं!" आरोही, देवेश. आणि त्याखाली व्यवस्थापक म्हणून पाच नावं. पाचवं नाव तुझं. "ऋत्विक मामा (कागदकाम)".

मी कणकेच्या हातांनी खाली बसले. तुझं मागचं पत्र काढलं. बाशिंगाचं माप तिच्या कपाळावर घेतलं, हे वाक्य तीनदा वाचलं. तू ते हसत लिहिलं आहेस.

तुला माहीत होतं का, हे मला विचारायचं आहे. पण तुझ्या उत्तराची वाट पाहायला वेळ नाही, आणि खरं सांगते, आज मला तुझ्या उत्तराचा भरवसाही नाही. गोपाल, गोपाल लिहीत होतास ते मला चकवायला की काय, इथपर्यंत माझं मन जाऊन आलं. तुझ्या बाबतीत असं कधी मनात येईल असं वाटलं नव्हतं.

मी दुपारी १०९८ ला, मुलांच्या हेल्पलाइनला, फोन केला. त्यांनी पत्रिका मागितली. ती द्यायला निघताना जिजाजी म्हणाले, "असं लग्न लावून देणाऱ्यांवर गुन्हा होतो. ऋत्विकचं नाव तेवढं कापून देऊ. कात्री आण." मी कात्री आणली. पत्रिका टेबलावर ठेवली. मग त्या चिकटवलेल्या पट्टीकडे पाहिलं. त्या पोरीनं कापून दाखवलं, आणि मी कापून लपवू?

नाही कापलं. जशी आली तशी दिली.

रेवती

* * *

डोणगाव बसस्टँड,
२१ फेब्रुवारी

ताई,

तू या वेळी आशीर्वाद लिहिला नाहीस. तुझं पत्र मला १९ तारखेला मिळालं आणि ते लोक आले १८ ला. म्हणजे मला काहीच माहीत नसताना ते आले. नंतर तुला दोनदा फोन लावला, तू "हॅलो" म्हटलंस की मीच कापला. तोंडानं सांगता येत नाही.

मी शिडीवर होतो. अंगणात पताका बांधून राह्यलो होतो. जीप आली. ग्रामसेवक, एक पोलीस आणि दोन बाया, त्या बालसंरक्षणच्या. एकीनं विचारलं, "ऋत्विक कोण?" मी वरूनच हात वर केला, शाळेत करतात तसा. तिनं कागद दिला. म्हणाली, वाचा.

माझं नाव इतकं सुंदर छापलेलं मी जन्मात पाहिलं नव्हतं. पहिलं तेच पाहिलं, खोटं कायले बोलू. मग वर गेलो. मग म्हटलं, "मॅडम, छपाईत चूक झाली. इथं गोपाल पाहिजे होतं."

गोपाल म्हणाला, "माह्यं लग्न? कोणं सांगतलं बे तुले?"

आणि आरोही, सहा वर्षांची, माझ्या शर्टाला धरून म्हणते, "मामा, लग्न तं ताईचं आहे ना! तुमाले नाई माहीत?"

ताई, कोणीच माझ्यापासून काही लपवलं नव्हतं. हे मला अजून पचत नाही. काकूनं बाशिंग तिच्यासाठीच मागितलं होतं. काकांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, घरात लग्न आहे. मी विचारलंच नाही कोणाचं. मी झोपायचो त्या खोलीत ज्या गठ्ठ्याखाली घड्या दाबायचो, तो पत्रिकांचा गठ्ठा होता. इतके दिवस! सुतळी सोडून एक काढून पाहिली असती तर? तू म्हणतेस मला माहीत होतं का. नव्हतं. पण हे सांगताना मलाच लाज वाटते, कारण माहीत असलेला माणूस तरी शुद्धीवर असतो.

काका मोठ्या आवाजात नाही बोलले. म्हणाले, "साहेब, पाहुणे चांगले आहेत. पोरगी अंगानं मोठी आहे. माह्या मायचं तेराव्या वर्षी झालतं, कोणी जीप घेऊन नव्हतं आलं." बाईंनी कायदा वाचून दाखवला. काकांनी हमीपत्रावर सही केली, अठरा होईपर्यंत करणार नाही. काकूनं अंगठा लावला. माझा जबाब झाला. पोलीस म्हणाला, "एवढा येडा माणूस असू शकतो का बे?" मॅडम म्हणाल्या, असू शकतो, लिहून घ्या. जिल्हा सोडायचा नाही असंही सांगितलं.

जीप गेल्यावर काकू मला एवढंच म्हणाल्या, "दीड महिना जेवू घातलं रे तुले." त्यांना वाटतं तक्रार मी केली. पत्रिकेवर कमळाच्या घड्या होत्या, त्या मी ओळखल्या होत्या, म्हणून मी नाही म्हणालो नाही. काय म्हणणार? तुमच्याच पोरीनं केली?

पुष्पांजली दाराच्या आत उभी होती. मी हळूच विचारलं, "तू मले काऊन नाई सांगतलं? रोज समोर बसत होतीस."

ती म्हणाली, "मले वाटलं, तुमाले माहीत आहे. तुमीच तं बाशिंग बांधलं."

मी खोलीत गेलो. ते बाशिंग खुंटीला होतं. मला ते फाडताही येईना आणि तिथं ठेवताही येईना. शेवटी मोर तेवढा काढला आणि खिशात घातला. कायले, माहीत नाही.

हे सगळं १८ चं. काल २० ला सकाळी उठलो तर पुष्पांजली घरात नाही. काकांनी माझी बॅग ओसरीवर आणून ठेवली होती. "नीघ आता." पांदीच्या रस्त्यापर्यंत आरोही मागं आली. तिला वाटलं मी रुसलो म्हणून चाललो. म्हणाली, "मामा, ताई पण गेली. सोनाळ्याले, माह्या मामाच्या घरी. लग्न तथीच लावतेत म्हणे. तुमी तथी पताका लावा ना."

हे तिनं असं सांगितलं, जसं आज वरण केलं सांगतात.

ताई, हमीपत्राचा कागद अजून वाळला नसेल. मी तू दिलेल्या आकड्याला, १०९८ ला, इथल्या चहावाल्याच्या फोनवरून सांगितलं. ते म्हणाले, सोनाळ्यात कोणाच्या घरी? मामाचं नाव काय? मला नाव माहीत नाही. दीड महिना राहून काकूचं माहेर मी विचारलं नाही. मोठं गाव आहे ते, घर सांगा म्हणतात.

म्हणून जाऊन राह्यलो. समोर लोणारची गाडी लागली आहे, रिकामी. मी चढलो नाही.

ऋत्विक

* * *

सोनाळा,
१ मार्च

ताई,

परवा फोनवर तुला दोन वाक्यं सांगितली आणि फोन कापला. बाकीचं लिहितो.

सोनाळ्यात उतरलो तेव्हा वाटलं, मांडव दिसेल, दारात आंब्याचे डहाळे दिसतील. काहीच नाही. पाच दिवस सगळ्या गल्ल्या फिरलो. कोणाला विचारायचं म्हटलं तर काय विचारणार? तुमच्याकडं चोरून लग्न आहे का? एका म्हातारीनं मलाच विचारलं, भंगार घेतं का बाप्पा.

स्टँडजवळ धम्मदीप नावाच्या एकाची पंक्चरची टपरी आहे. त्यानं टायरवर बसू दिलं, रात्री आत झोपू दिलं. सहाव्या दिवशी समोर दोन पोरी बेडूक उडवून राह्यल्या होत्या. वहीच्या कागदाचे. मी पाहतच राहिलो. एक उडाला तो तिरपा, थेट माझ्या चपलेपाशी.

उचलला. मागचे पाय आत वळवलेले.

ताई, मी टायरवरून असा ताडकन उठलो की धम्मदीप म्हणाला, साप चावला का बे?

पोरींना विचारलं, कोणं शिकवलं? "नव्या ताईनं. त्या निळ्या दाराच्या माडीवर असते. खाली येत नाई. खिडकीतून शिकवते, कागद दोरीनं सोडते." मी म्हटलं, ताईचं नाव काय? "नाव नाई सांगत. बेडूक सगळीकडं न्या म्हणते. शाळेत न्या, स्टँडवर न्या."

सगळीकडं न्या. ऐकलंस?

धम्मदीपच्या फोनवरून आधी १०९८, मग तुला. काल दुपारी तेच लोक आले, सोबत इथले पोलीस. मी टपरीतच बसून होतो, मला समोर जायची हिंमत झाली नाही. आत हळद भिजवून ठेवलेली होती म्हणे. उद्याच्या ऐवजी आज पहाटेच उरकणार होते. एका रात्रीचं अंतर राहिलं होतं, ताई. मी मधातच कुठं चहाला उतरलो असतो तर?

उत्तमकाका बाहेर आले तेव्हा त्यांना पाहून मी टायरमागं झालो. त्यांचा चेहरा पार पडला होता. मला त्यांचा राग यायला पाहिजे होता, आणि मला त्यांनी पहिल्या दिवशी ताटात वाढलेलं पिठलं आठवत होतं. दोन्ही एकदम झालं की माणसानं काय करायचं?

पुष्पांजली जीपमध्ये बसली. कपाळाला हळदीचं बोट लागलेलं. जीप टपरीवरून गेली तेव्हा तिनं मला पाहिलं. हसली नाही, रडली नाही. बोटानं हवेत एकदा दाबल्यासारखं केलं, बेडकाच्या शेपटीवर दाबतात तसं.

मी दोन दिवस एकही कागद दुमडला नाही. टपरीवर पंक्चर काढून राह्यलो. पत्ता धम्मदीपचा लिही.

ऋत्विक

* * *

बुलढाणा,
२२ मार्च

चि. ऋत्विक यास अनेक, अनेक आशीर्वाद. मागच्या वेळचे राहिलेलेसुद्धा.

तुझ्यावर गुन्हा नाही. बालसंरक्षणच्या मॅडमनी मला फोनवर सांगितलं, "तुमच्या भावाचा जबाब आम्ही ऑफिसात दोनदा वाचला, दुसऱ्यांदा चहाबरोबर." मी त्यांना तुझी बाजू सांगायला गेले आणि मलाच हसू आलं, मग रडू. पंधरा तारखेच्या त्या पत्रात मी जे लिहिलं, ते माझ्या मनात खरंच आलं होतं. ते आलं, याचा धक्का मला अजून आहे. तुला लहानपणापासून ओळखणारी मी, आणि एका छापील नावानं मी तुला त्यांच्यातला समजले. ती मुलगीही तेच समजली होती. तिचं तरी बरोबर होतं, ती तुला दीड महिनाच ओळखत होती. मी बावीस वर्षं.

पुष्पांजली दहा दिवस बालकल्याण समितीच्या देखरेखीखाली होती. मग आईबापांना पुन्हा बोलावून, जामीन घेऊन, दर पंधरवड्याला मुलीला हजर करायच्या अटीवर घरी सोडली. उत्तमराव समितीसमोर काही बोलले नाहीत म्हणे. जनकाबाईंनी फक्त विचारलं, "आता परीक्षेले बसू देतीन का तिले?" हे ऐकून मी चकितच झाले. त्या बाईच्या मनात हे कधीपासून होतं, कोण जाणे.

काल पाकीट आलं. पत्त्याचं अक्षर पाहिलं आणि दारातच पाकीट फोडलं. आत कमळ. या वेळी वहीच्या रेघांच्या कागदाचं. श्रेयसपुढं धरलं तर त्यानं हात मागं नेले. सगळं उलगडणारा पोरगा! म्हणाला, "आई, तूच उलगड. मले भेव लागते."

मलाही लागत होतं. एक एक पाकळी मागं नेली. तुला सांगते, पत्रिका निघाली असती तर मी तिथंच कोसळले असते.

बीजगणिताचं उदाहरण निघालं. वर तारीख, १७ मार्च. खाली आठ ओळी, मग लाल शाईची भलीमोठी फुली आणि बाईंचा शेरा, "चूक. पुन्हा सोडव." मी इतकी वर्षं मुलांच्या वह्यांवर फुल्या मारते, फुली पाहून अशी कधी ढसाढसा रडले नव्हते. श्रेयस घाबरून शेजारच्या काकूंना बोलावून घेऊन आला. त्यांनी कागद पाहिला आणि म्हणाल्या, अहो, एका गणितासाठी?

कोपऱ्यात पेन्सिलीनं बारीक एक ओळ आहे, ती तुझ्यासाठी: "मामाले सांगा, बेडकाचे पाय आता बाहेर वळवून राह्यली. बरोबर येतात."

१७ नंबरच्या फॉर्मचं मी या पत्रात काही लिहिणार नव्हते. लिहिलं.

तुझी,
ताई

* * *

(पोस्टकार्ड)

लोणार,
३० मार्च

ताई,

तळं पाहिलं. मोठं आहे. बाकी नंतर.

फॉर्म भरतो. निघाला की कळव, पाटी वाचूनच गाडीत बसेन.

पुष्पांजलीला आजच लिही, उद्यावर नको ठेवू. म्हणावं, पाय आतच वळव. तिरपा उडू दे. तसाच सापडतो.

ऋत्विक